विश्लेषण : शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या झाली, पण तयारी नेमकी कशाची करायची?

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की बहुतेक घरांत पहिला विषय निघतो तो 'लायसन्स'चा. गाडी दारात उभीच असते, किंबहुना ती चालवायला मुलगा वा मुलगी कधीच शिकलेली असते. राहिलेले असते ते फक्त कागदाचे काम. त्या कामातला सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे शिकाऊ परवान्यासाठीची ज्ञान चाचणी. संगणकाच्या पडद्यावर थोडे प्रश्न, प्रत्येकाला मोजके सेकंद आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के. 'त्यात काय वाचायचे?' हा त्यावरचा सार्वत्रिक शेरा. महाराष्ट्रात ही चाचणी घरून देण्याची सोय २०२१च्या जूनमध्ये सुरू झाली. त्यानंतर तर ती 'एजंटला सांगून उरकून टाकण्याची' गोष्ट अनेकांच्या लेखी बनली. प्रत्यक्षात वाहनचालकाच्या आयुष्यात नियमांबद्दल कोणी लेखी प्रश्न विचारण्याची ही बहुधा पहिली आणि शेवटची वेळ असते.

पहिली आणि शेवटची कशी?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११ मध्ये या चाचणीची तरतूद आहे. त्याच नियमात कोणाला चाचणी द्यावी लागत नाही, हेही सांगितले आहे. ज्याच्याकडे आधीच वैध परवाना आहे त्याला ती लागू नाही. म्हणजे १८व्या वर्षी स्कूटरसाठी चाचणी दिली, पुढे २५व्या वर्षी मोटार चालवण्याचा परवाना जोडून घेतला, तर लेखी प्रश्न पुन्हा विचारले जात नाहीत. रस्त्यावरची प्रात्यक्षिक चाचणी तेवढी होते. २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेला खासगी वाहनाचा परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. नूतनीकरणाच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, नियमांची उजळणी मागत नाहीत. पंचेचाळीस-पन्नास वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाच्या नियमज्ञानाची तपासणी अशा रीतीने काही मिनिटांत आटोपते, आणि तीही त्याने गाडी रीतसर हाती घेण्यापूर्वी.

दुसरीकडे आकडे पाहावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यात १ लाख ६८ हजार ४९१ जण दगावले. मृतांमध्ये दुचाकीवरील लोकांचा वाटा ४४ टक्क्यांहून अधिक होता. शिकाऊ परवान्यासाठी येणारा तरुण बहुतांश वेळा दुचाकीसाठीच येतो, हे लक्षात घेतले की या चाचणीकडे 'औपचारिकता' म्हणून पाहणे किती महागात पडू शकते ते कळते.

चाचणीत काय विचारले जाते?

नियम ११ने चार विषय ठरवून दिले आहेत. वाहतूक चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम हा पहिला. अपघातात कोणी दगावले, जखमी झाले वा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर चालकाची कर्तव्ये हा दुसरा. रक्षक नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी हा तिसरा आणि गाडी चालवताना जवळ बाळगायची कागदपत्रे हा चौथा. प्रश्न वस्तुनिष्ठ, पर्यायी उत्तरांचे. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर आली की ज्ञान 'पुरेसे' असल्याचे नियम मानतो. म्हणजे १५ प्रश्न असतील तर नऊ. परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र तिथले मराठी सरकारी वळणाचे असते. घरात ज्याला 'लायसन्स' म्हणतात ते तिथे 'अनुज्ञप्ती' असते, 'लेन' ही 'मार्गिका' होते आणि आधी कोण जाणार हा साधा प्रश्न 'अग्रक्रमा'चा होऊन बसतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले मराठी पर्याय निवडतात आणि या शब्दांशी अडखळतात. मराठी माध्यमातल्यांनाही ते रोजच्या वापरातले नसतातच. चाचणीची भाषा आधी ठरवून सराव त्याच भाषेत करणे, ही तयारीतली सर्वांत साधी आणि सर्वाधिक दुर्लक्षित बाब आहे.

सरावासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर चाचणीचा सराव करता येतो. आधारच्या ओळखीवर घरून परीक्षा देणाऱ्याला त्याआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते. ती सुरू करून मोबाइल बाजूला ठेवून देण्याची पद्धत आहे, हे उघड गुपित. परंतु चाचणीतल्या प्रश्नांचा बराचसा भाग तिच्यात येऊन जातो.

चिन्हे पाठ करावीत की समजून घ्यावीत?

अनेक मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये शंभरेक चिन्हांचे तक्ते असतात आणि उमेदवार ते पाढ्यांसारखे घोकतो. त्याची गरज नसते. चिन्हांची एक वर्गवारी आहे आणि ती आकारातच दडलेली आहे. गोल चिन्ह हुकूम देते. लाल कडेचे गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा : हॉर्न वाजवू नका, ओव्हरटेक करू नका, वेग ५०च्या पुढे नेऊ नका. निळे गोल म्हणजे सक्ती : डावीकडेच वळा, सरळच जा. लाल कडेचा, टोक वर असलेला त्रिकोण सावध करतो : पुढे वळण आहे, शाळा आहे, रस्ता अरुंद होतो आहे. निळी चौकोनी पाटी माहिती देते : रुग्णालय, पेट्रोल पंप, वाहनतळ.

गोल हुकमाच्या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते मुद्दाम केलेले आहेत. 'थांबा' हे चिन्ह अष्टकोनी आहे आणि 'रस्ता द्या' हे टोक खाली असलेल्या त्रिकोणाचे. अक्षरे पुसली गेली, पाटीवर चिखल उडाला, जाहिरातीचा कागद चिकटवला गेला (आपल्याकडे याची शक्यता जास्त), तरी केवळ आकारावरून ही दोन चिन्हे ओळखता यावीत, असा त्यामागचा हेतू.

गोंधळ होतो तो जोड्यांमध्ये. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर वाहन उभे करून ठेवण्यास मनाई आहे. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर तिथे क्षणभरही थांबता येत नाही. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून गाडी लावणाऱ्यांचा बचाव पहिल्या पाटीखाली फार तर वाद घालण्याजोगा असेल. दुसऱ्या पाटीखाली तो उभाच राहत नाही. लाल तबकडीवर आडवी पांढरी पट्टी म्हणजे प्रवेश बंद. एकेरी रस्त्याच्या चुकीच्या तोंडाला ही पाटी असते आणि शहरांतले निम्मे 'शॉर्टकट' याच पाटीला वळसा घालून नव्हे, तर तिच्या खालून जातात.

सिग्नलच्या प्रश्नांत पिवळा दिवा हमखास असतो. स्थिर पिवळा दिवा म्हणजे थांबण्याची तयारी, रेषेच्या आत थांबणे. 'लाल व्हायच्या आत निसटा' असा त्याचा रस्त्यावरचा अर्थ चाचणीत चुकतो. लुकलुकणारा पिवळा असेल तर वेग कमी करून, पाहून पुढे जायचे. लुकलुकणारा लाल असेल तर पूर्ण थांबायचे आणि मग रस्ता मोकळा असल्यास निघायचे. रात्री उशिरा चौकाचौकांत पिवळे दिवे लुकलुकत असतात तेव्हा या फरकाचा थेट उपयोग होतो.

'आधी कोण?' हा प्रश्न का चुकतो?

कारण रस्त्यावर त्याचे उत्तर 'मोठी गाडी' किंवा 'ज्याने आधी नाक घातले तो' असे मिळालेले असते. १९८९चे जुने रस्ता विनियम जाऊन २०१७ मध्ये मोटार वाहन (चालन) विनियम लागू झाले. त्यांनुसार सिग्नल वा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. वर्तुळाकार चौकात आधीच फिरत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला. चढाच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आले तर वर चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचे. हा शेवटचा नियम कोकणात वा कोल्हापूरकडे घाटातून गाडी घालणाऱ्यांना जुने चालक तोंडी सांगतात. भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलताना मागे घसरते, एवढे त्याचे साधे कारण. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

अरुंद पुलाचा प्रश्नही असाच. समोरून दुसरे वाहन पुलावर शिरत असेल तर काय कराल? दिवे चमकवून आधी घुसणे हा पर्याय दिलेला असतो आणि रोजच्या अनुभवामुळे तोच ओळखीचा वाटतो. बरोबर उत्तर मात्र थांबण्याचे आहे. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी हीच थांबण्याची खूण मानायची. झेब्रा पट्ट्यांपाशी पादचारी उभा असेल तर गाडी थांबवून त्याला जाऊ द्यायचे. अशा प्रश्नांची एक सोपी किल्ली उमेदवार एकमेकांना सांगतात : ज्या पर्यायात गाडी थांबते तो निवडा. गुणांपुरती ती चालतेही. पण ओव्हरटेकच्या प्रश्नावर ती दगा देते. ओव्हरटेक उजवीकडून करायचे हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या वाहनाने उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन ते रस्त्याच्या मध्याकडे घेतले असेल तर त्याच्या डाव्या बाजूने जाता येते, हा अपवाद फारच थोड्यांना.

रेल्वे फाटकाचा प्रश्न कालबाह्य झाला आहे का?

अंशतः. देशातील ब्रॉडगेज मार्गांवरची रक्षक नसलेली सर्व फाटके २०१९च्या जानेवारीअखेर बंद वा रक्षकयुक्त करण्यात आली. तरीही हा विषय चाचणीत कायम आहे, कारण तो नियमातच लिहिलेला आहे. फाटकाचे चित्र असलेला त्रिकोण म्हणजे रक्षक असलेले फाटक आणि इंजिनाचे चित्र असलेला त्रिकोण म्हणजे रक्षक नसलेले. उमेदवार नेमके उलटे उत्तर देतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १३१ सांगते, की अशा ठिकाणी चालकाने गाडी थांबवावी, वाहक वा क्लीनरने चालत रुळांपर्यंत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी वा ट्रॉली येत नाही याची खात्री करावी आणि मग वाहन पलीकडे न्यावे. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहावे. स्कूटरवरच्या विद्यार्थ्याला हे हास्यास्पद वाटते खरे. पण कारखान्यांच्या आवारात जाणाऱ्या खासगी रेल्वे रुळांपाशी आजही तीच सवय उपयोगी पडते.

पुस्तिका जुन्या असण्याचा धोका खरा आहे तो अन्य ठिकाणी. 'पीयूसी' प्रमाणपत्राची मुदत सहा महिने असे अनेक संचांत छापलेले असते. भारत स्टेज-४ आणि त्यानंतरच्या वाहनांसाठी ती एक वर्ष आहे. दंडाच्या जुन्या रकमा २०१९च्या दुरुस्तीने बदलल्या. कागदपत्रे मूळ प्रतीतच हवीत, हेही आता खरे नाही. परवाना, नोंदणी, विमा आणि पीयूसी 'डिजिलॉकर' किंवा 'एम-परिवहन'वर दाखवले तरी चालते. पदपथावरच्या तीस-चाळीस रुपयांच्या पुस्तिकेवर छपाईचे वर्ष असेलच असे नाही. तेव्हा तिच्यावर चिन्हांपुरता विश्वास ठेवावा.

अपघातानंतरची कर्तव्ये

या संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग हाच. कलम १३४नुसार वाहनाकडून कोणी जखमी झाले तर चालकाने त्याला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करायचे आहे, गरज पडल्यास जवळच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात न्यायचे आहे. पोलिसांना लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवायचे आहे. विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची आहे. कायदा वास्तवाला धरून आहे : जमावाच्या क्षोभामुळे वा आवाक्याबाहेरच्या कारणामुळे थांबणे शक्यच नसेल तर मदतीच्या जबाबदारीतून सूट दिली आहे. पोलिसांना कळवण्याच्या जबाबदारीतून मात्र नाही. जमावाची भीती वाटली म्हणून निघून गेलेल्या चालकाने थेट पोलीस ठाणे गाठले, तर तो कायद्याच्या चौकटीत राहतो. गाडी घरात लपवली, की तो पळून गेलेला ठरतो. दोघांनी पहिल्या पाच मिनिटांत अगदी सारखेच केलेले असते.

याच्याच जोडीला २०१९मध्ये आलेले कलम १३४-अ आहे. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्या त्रयस्थावर त्या मदतीतील चुकीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असे ते सांगते. 'पोलिसांच्या लफड्यात पडायला नको' म्हणून रस्त्यावरच्या जखमीकडे पाठ फिरवणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असते? चाचणीच्या निमित्ताने ते वाचले गेले तर चाचणीचे चीज झाले म्हणायचे.

दुसऱ्याने परीक्षा दिली तर?

घरबसल्या परीक्षेचा मूळ हेतू चांगला होता. आरटीओतल्या रांगा कमी झाल्या. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला किंवा शिबिराच्या दिवशी ताटकळत जाण्याचा एक हेलपाटा वाचला. पण पडद्यामागे कोण बसले आहे हा प्रश्न सुटलेला नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा उमेदवाराने आणि माउस हलवायचा एजंटने, हा प्रकार सर्रास चालतो. काही ठिकाणी तर उमेदवाराने केवळ ओटीपी सांगायचा असतो. नियमानुसार शिकाऊ परवान्याचे शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये आहे. एजंट त्याच्या कितीतरी पट घेतो आणि त्या बदल्यात जे विकतो ते म्हणजे न वाचण्याची सवलत.

ही सवलत कायद्याने महाग आहे. फसवणुकीने वा खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम १९नुसार रद्द होऊ शकतो आणि धारक अपात्र ठरू शकतो. पण परिवहन विभागाने केवळ एजंटांची आणि उमेदवारांची नैतिकता जागी होण्याची वाट पाहणे पुरेसे नाही. ब्रिटनमध्ये याच टप्प्यावरच्या परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात, ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिच्यात चित्रफिती पाहून रस्त्यावरचा धोका वेळीच ओळखण्याची वेगळी चाचणीही असते. तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलांना भारतात वर्षानुवर्षे गाडी चालवूनही पुस्तक घेऊन बसावे लागते, ते यामुळेच. आपल्याकडे ६० टक्क्यांची अट चारही विषयांना मिळून आहे. अपघातानंतरच्या कर्तव्याचे सगळे प्रश्न चुकवूनही परवाना मिळू शकतो. उत्तीर्णतेची रेषा वाढवण्यापेक्षा जीविताशी थेट संबंध असलेले दोन-तीन प्रश्न अनिवार्य करणे हा सोपा उपाय आहे आणि त्यासाठी नवे संकेतस्थळ उभारावे लागणार नाही.

१८ वर्षांच्या आत?

१६ ते १८ या वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी, पालकांच्या लेखी संमतीने शिकाऊ परवाना मिळतो. बाजारातल्या नेहमीच्या १०० ते १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत, तरी शिकवणीच्या वर्गांबाहेर त्यांचीच रांग दिसते. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले, तेव्हा हे कलम अनेकांनी पहिल्यांदा ऐकले.

उत्तीर्ण झाल्यावर काय?

शिकाऊ परवाना म्हणजे एकट्याने गाडी फिरवण्याचा परवाना नव्हे. नियम ३नुसार शेजारी वैध परवानाधारक प्रशिक्षक हवा आणि गरज पडताच वाहन थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. दुचाकीवर मागे प्रशिक्षकाखेरीज कोणाला बसवता येत नाही. म्हणजे मैत्रिणीला कॉलेजला सोडणे नियमबाह्य. वाहनाच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. त्याचेही माप ठरलेले आहे : पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर. लाल टिकल्यांच्या चिकटपट्टीने काचेच्या कोपऱ्यात काढलेला 'एल' त्यात बसत नाही.

यात विम्याचीही मेख आहे. मोटार विम्याच्या प्रचलित पॉलिसीत शिकाऊ परवानाधारकाला वाहन चालवण्याची मुभा असते, पण नियम ३चे पालन केले असेल तरच. प्रशिक्षकाविना एकट्याने नेलेली गाडी ठोकली, तर विमा कंपनीला दावा नाकारण्यासाठी हेच वाक्य पुरते. पॉलिसीच्या कागदावर 'चालक' या शीर्षकाखाली ते छापलेले असते.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची. पक्क्या परवान्याची प्रात्यक्षिक चाचणी त्याच्या तारखेपासून ३० दिवस उलटल्याखेरीज देता येत नाही. मोठ्या शहरांतल्या कार्यालयांत चाचणीची तारीख मिळण्यातच काही आठवडे जातात, त्यामुळे ३० दिवस पूर्ण होताच वेळ आरक्षित करणे शहाणपणाचे. मुदत टळली तर अर्ज, शुल्क आणि 'एल'ची पाटी, सारे पुन्हा पहिल्यापासून.